सात नंबरचं उत्तर

माझा धंदा वजनकाट्यांचा. दुकानांतले, दवाखान्यांतले, कारखान्यांतले इलेक्ट्रॉनिक काटे माझ्याकडे दुरुस्तीला आणि तपासणीला येतात. या कामात एक सवय लागते: एकदा आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. तेच वजन तीनदा ठेवायचं, तीनदा वाचायचं, वहीत लिहायचं आणि मगच काटा बरोबर की चूक ते बोलायचं. पुढे जे सांगणार आहे तेही मी तीनदा तपासलेलं आहे. वही अजून माझ्याकडे आहे.

बाबा नाटकवाले. नट नव्हेत. रंगमंचावर ते कधी दिसले नाहीत, न दिसणं हेच त्यांचं काम. पडद्यामागे स्टुलावर बसून ते दोरे ओढायचे. रंगमंचावरचं दार आपोआप उघडलं, टेबलावरचा पेला सरकला, कोणी नसताना खुर्ची झुलायला लागली, की काळ्या बारीक दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बाबा आहेत असं समजायचं. एकेका बोटाला एकेक दोरा. चाळीस वर्षं त्यांनी हे केलं आणि चाळीस वर्षांत एकदाही दोरा वेळेआधी ओढला नाही की वेळेनंतर. नाटकातली माणसं त्यांना दोरीमास्तर म्हणत.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी थोडा फरक पडला, मग तोही पडेना. बाबांनी चहाचा कप उचलला की तो बशीवर वाजायचा. आई म्हणायची, "घरात घंटा बांधल्यासारखं झालंय. वाजली की समजायचं, साहेबांचा चहा चाललाय." ती हसायची आणि बाबाही हसायचे. मी हसत नसे, कारण मी हातांकडे बघत असे.

मग तो प्रयोग झाला. नव्या नाटकात एक बाई नवरा गेल्यावर घरात एकटी राहते आणि घरातल्या वस्तू तिच्याशी बोलल्यासारख्या हलतात, असं काहीसं होतं. वस्तू सहा: टेबलावरचा दिवा, झुलती खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ, खिडकी, रेडिओ आणि नवऱ्याची तसबीर. तसबीर शेवटच्या प्रवेशात पडायची होती. त्या दिवशी ती दुसऱ्या प्रवेशात पडली, आणि खिडकी एकदा उघडायची ती चारदा उघडली. नायिका रडत होती आणि लोक हसत होते. बाबा घरी आले, जेवले, आणि हात टेबलाखाली धरून बसले.

दोन दिवसांनी नाटकाचे दिग्दर्शक माझ्या दुकानात आले. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस. आधी त्यांनी हवेचं विचारलं, मग धंद्याचं, मग एका काट्यावर स्वतःचं पाकीट ठेवून वजन बघितलं.

"काका, बाबांबद्दल आलात ना?"

"त्यांनीच पाठवलंय," ते पाकीट उचलत म्हणाले. "म्हणाले, पोरीला विचारा. दोऱ्यांऐवजी काही रिमोटचं जमतंय का बघा म्हणाले."

"आणि रिमोट कोण चालवणार?"

"प्रकाशयोजनेचा माणूस आहेच की. तो बटणं..."

"नाही. बटणं बाबा दाबणार. दोरा ओढायला हात लागत असेल, पण कधी ओढायचा ते त्यांच्या डोक्यात आहे. तुम्हाला मान्य नसेल तर दुसरं कोणी बघा."

काकांनी पाकीट खिशात घातलं. मग म्हणाले, "तुझ्या आईवर गेलीस." म्हणजे त्यांना मान्य होतं.

कोणती यंत्रणा घ्यायची यावर मी पंधरा दिवस घालवले. रिमोट म्हटलं की लोकांना टीव्हीचा रिमोट आठवतो. तो प्रकार सगळ्यात आधी बाद केला. त्याला समोरासमोर नजर लागते. मध्ये नटाची पाठ आली की संपलं, आणि भर प्रवेशात नटाला "जरा सरक, खिडकीला दिसत नाहीये" असं सांगता येत नाही. वायफायवर दोन दिवस विचार केला. पण अडीचशे प्रेक्षक म्हणजे अडीचशे फोन, आणि त्या गर्दीत आपला निरोप अर्धा सेकंद जरी अडकला तरी तो अर्धा सेकंद शेवटच्या रांगेलाही कळतो. ब्लूटूथ दिवाणखान्यात ठीक, रंगमंचाच्या लोखंडी सांगाड्यात त्याचा जीव गुदमरतो. फाटक उघडायचे साधे रेडिओ रिमोट मिळतात, ते दमदार असतात, पण एकमार्गी. आपण हाक मारायची आणि समोरच्यानं ऐकलं असेल असं धरून चालायचं. शिवाय शेजारच्या इमारतीत कोणी गाडी घेऊन आला की आमची तसबीर पडायची.

शेवटी मी हाक मारून उत्तर घेणारे रेडिओ निवडले. प्रत्येक वस्तूत काडेपेटीएवढा एक रिसीव्हर, आणि प्रत्येकाला आत कोरलेला एक नंबर. रिमोटवरचं बटण दाबलं की त्या नंबरला हाक जाणार, तो काम करणार आणि उलट कळवणार: 'चालू'. तेच बटण पुन्हा दाबलं की 'बंद'. रिमोटच्या छोट्या पडद्यावर नंबर, उत्तर आणि शंभरपैकी एक आकडा दिसणार. उत्तर जितकं जवळून तितका आकडा मोठा. स्टुलापासून खुर्चीचा साधारण साठ यायचा, लांबच्या खिडकीचा पंचेचाळीस.

दिव्यासाठी बटणासोबत एक सरकती पट्टी दिली, कारण काकांना तो खटकन विझायला नको होता. "जीव गेल्यासारखा विझू दे," ते म्हणाले होते. बाबांचा हात एकच बटण तीनदा दाबणार हे उघड होतं, म्हणून पहिल्या दाबानंतर सेकंदभर दुसरा मोजायचाच नाही असं ठरवून दिलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिमोटची बॅटरी गेली किंवा संपर्क तुटला, तर तीन सेकंदांत प्रत्येक वस्तूने आपली आपण बंद व्हायचं. रंगमंचावर माणसं असतात. खिडकीत कोणाचं बोट सापडायला नको.

बाजारात बटणांची पाटी मिळाली ती आठांची. सहा बटणांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या. सातवं आणि आठवं कोरं राहिलं.

चाचणीला आम्ही मंगळवारी सकाळी नाट्यगृहात गेलो. कामाचा एकच पांढरा दिवा चालू होता, खुर्च्यांवर कापडं होती. बाबा त्यांच्या नेहमीच्या स्टुलावर बसले, रिमोट मांडीवर घेतला. मी रंगमंचावर उभी राहून एकेक नाव घेत होते आणि ते दाबत होते. दिवा, खुर्ची, घड्याळ. सगळं नीट. रेडिओ म्हटलं तेव्हा त्यांचा अंगठा घसरला.

"चुकलं," ते म्हणाले. "सात दाबलं गेलं."

"असू दे, सातला कोणीच नाही."

"आहे की," बाबा म्हणाले. "उत्तर आलंय."

मी जाऊन बघितलं. पडद्यावर होतं: ७ – चालू – १००.

प्रोग्राममध्ये काहीतरी राहिलं असणार, असं मी म्हटलं. नवीन यंत्रात असं होतंच. नेमकं घोडं कुठे पेंड खातंय ते दुकानात गेल्यावर बघू. उरलेली चाचणी पुरी केली, प्रकाशयोजनेच्या माणसानं चहा आणला, आम्ही तो उभ्याउभ्या प्यायलो आणि घरी आलो.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "अहो, चहा घेतलात ना? घंटा नाही वाजली ती."

बाबांनी हातातल्या कपाकडे बघितलं. कप बशीपासून वीतभर वर होता आणि भिंतीवरच्या खिळ्यासारखा स्थिर होता. चहावर तरंगसुद्धा नव्हता. ते बघतच राहिले. मग हसले. आई खुर्चीत बसली आणि पदर डोळ्यांना लावला. गोळ्या लागू पडल्या असणार, असं तिघंही म्हणालो.

सात नंबरचा मी चार दिवस पिच्छा पुरवला. आधी वाटलं, रिमोट स्वतःचीच हाक ऐकतोय. म्हणून नवा रिमोट बांधला, त्याची बोलायची खूण बदलली, सहाही रिसीव्हरांत ती नवी खूण भरली. नवीन रिमोटवर सात दाबलं. ७ – बंद – १००. पुन्हा दाबलं. ७ – चालू – १००. नाट्यगृह माझ्या दुकानापासून दोन मैलांवर आहे, बाकीच्या सहांपैकी एकाचंही उत्तर तिथून येत नव्हतं. सातचं येत होतं. मग रिमोट घेऊन मी काटे तपासायच्या पोलादी पेटीत हात घातला, झाकण जमेल तितकं ओढून घेतलं. त्या पेटीत फोन मरतो. शंभर.

शंभर म्हणजे अंतरच नाही. रिसीव्हर रिमोटला चिकटवून ठेवला तरी माझ्याकडे अठ्ठ्याण्णवच्या वर आकडा गेला नव्हता.

याच चार दिवसांत एकदा दुपारी आईचा फोन आला. गोळ्यांचं काही खरं नाही, म्हणाली. सकाळी दहाच्या सुमाराला हात पुन्हा थरथरायला लागला, कप फुटता फुटता राहिला, आणि पाच मिनिटांत आपोआप थांबला. मी वही उघडली. सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी मी सात बंद केलं होतं. दहा वाजून नऊ मिनिटांनी चालू.

हे वाचून जे वाटेल तेच मला वाटलं: योगायोग. पण आकडा तीनदा बघायचा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी घरी गेले. बाबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. मी आतल्या खोलीत पलंगावर बसले. दार अर्धवट उघडं होतं, त्यातून मला त्यांचा कोपर आणि वर्तमानपत्राची कड दिसत होती. मी सात दाबलं. बंद. वर्तमानपत्र सळसळायला लागलं. बाबांनी ते टेबलावर ठेवलं आणि डाव्या हातानं उजवा घट्ट धरला. मी पुन्हा दाबलं. चालू. डाव्या हाताची पकड सैल झाली.

असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा बंद केल्यावर बाबा अगदी हळू, स्वतःशीच "अरे, अरे" म्हणाले. ते ऐकून मी घाईनं चालू केलं. वहीत लिहिलं: बंद – थरथर. चालू – स्थिर. तीनपैकी तीन.

बाबांच्या अंगावर मी काही बांधलेलं नव्हतं. हातात ना घड्याळ ना अंगठी. त्या माहितीचं काय करायचं ते मला कळेना. कबूल करायला हवं, भीती नंतर वाटली. आधी आनंद झाला. मी रिमोट चालू ठेवला, सातव्या बटणावर जाड पुठ्ठा चिकटवला, आणि कोणाला काही सांगितलं नाही.

प्रयोग सुरू झाले. पहिला निर्विघ्न पार पडला, दुसराही. काका भेटेल त्याला सांगत होते की दोरीमास्तर परत आले. आई दुपारची शेजारणींकडे जाऊन बसायला लागली, जे तिनं दोन वर्षांत केलं नव्हतं.

साधारण दहाव्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. ती कधी येत नाही. काउंटरवरच्या एका काट्यावर बोट दाबून आकडा चढताना बघत उभी राहिली.

"तुझे बाबा काल माझ्याशी बोलत होते," ती म्हणाली. "माझ्याकडे बघत. मी उसवलेलं शिवायला घेतलं होतं, सुई त्यांच्या हाताशी होती. बोलता बोलता हातानं सुई उचलली, दोरा ओवला आणि माझ्यापुढे धरली."

"चांगलंच आहे की."

"बघितलं नाही गं त्यांनी सुईकडे. एकदाही. आणि मी घेतली तेव्हा दचकले. म्हणाले, ही माझ्या हातात कशी आली?"

"चाळीस वर्षं दोऱ्यांत गेली, आई. सवय असते बोटांना."

"असेल," आई म्हणाली. काट्यावरचं बोट काढलं. आकडा शून्यावर आला. "तुझ्या यंत्राचा आणि याचा काही संबंध नाही ना?"

मी नाही म्हटलं.

तिसऱ्या प्रयोगाला मी प्रेक्षकांत बसले होते. दुसऱ्या अंकात नायिका एक लांब वाक्य बोलते, थांबते, आणि मग खुर्ची झुलायला लागते. त्या दिवशी ती वाक्याच्या मध्येच थांबली. शब्द विसरली होती. रिकाम्या घरात नुसती उभी. मला वाटलं, आता बाबा वाट बघणार, कारण वाक्य पुरं झाल्याशिवाय ते कधी दोरा ओढत नाहीत. पण खुर्ची झुलली. अगदी एकदा, कोणी वळून बघावं तशी. नायिकेनं तिच्याकडे बघितलं आणि तिला पुढचं वाक्य सापडलं. माझ्या शेजारची बाई मुसमुसायला लागली. पडदा पडल्यावर काकांनी बाबांना मिठी मारली. बाबांनी डावा हात काकांच्या पाठीवर ठेवला. उजवा खिशात होता.

रविवारी सकाळी बाबा दुकानात आले. गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले आणि उजवा हात मांडीखाली दाबून धरला, लहान मूल थंडीत धरतं तसा.

"परवाची खुर्ची," ते म्हणाले. "मी झुलवली नाही."

"बाबा, रिमोट तुमच्याकडे होता."

"हो. आणि बटण याच हातानं दाबलं. पण मी थांब म्हणत होतो. मनात म्हणत होतो, थांब, तिचं वाक्य व्हायचंय. यानं ऐकलं नाही. आणि बरोबर तेच होतं गं. मी थांबलो असतो तर प्रवेश पडला असता. माझं चुकणार होतं, यानं सावरून घेतलं."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. सात नंबर, पोलादी पेटी, आईचा फोन, वर्तमानपत्र. त्यांनी वही मागितली, डाव्या हातानं पानं उलटली आणि सगळं शांतपणे वाचलं.

"मला न सांगता माझा काटा तपासलास," ते म्हणाले.

"हो."

"बंद कर."

"बाबा, परवा प्रयोग आहे. आणि आई किती..."

"मला माहीत आहे आई किती." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "थरथरत होता तेव्हा नाठाळ होता, पण माझा होता. आता घरात पाहुणा आल्यासारखं वाटतं. शहाणा पाहुणा आहे, वाईट काही करत नाही. सकाळी माझ्या आधी उठतो. चष्मा लागायच्या आधी चष्मा पुढे करतो. पण पाहुणा गेला पाहिजे ना कधीतरी? बंद कर."

मी टेबलावरचा रिमोट घेतला, पुठ्ठा उचकटला आणि सात दाबलं.

७ – चालू – १००.

ते आधीपासून चालूच होतं. आता 'बंद' यायला हवं होतं. एक सेकंद मोजून पुन्हा दाबलं.

७ – चालू – १००.

तिसऱ्यांदा दाबलं. तेच.

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

टेबलावर दुरुस्तीला आणलेला नाटकातला दिवा जळत होता, तो याच रिमोटवर चालत होता. मी रिमोट उलटा केला, झाकण सरकवलं आणि बॅटरी काढून टेबलावर ठेवली. पडदा काळा झाला. मी मनात मोजलं. एक, दोन, तीन. दिवा विझला, ठरवून दिला होता तसा.

आम्ही दोघांनी बाबांच्या मांडीकडे बघितलं.

त्यांनी हात हळूच बाहेर काढला आणि टेबलाच्या कडेवर ठेवला. म्हातारा हात, फुगलेल्या शिरा, बोटांच्या पेरांवर दोऱ्यांचे जुने वळ. हलत नव्हता.

"मूठ मिटा," मी म्हटलं.

मिटली.

"उघडा."

उघडली.

"ऐकतोय की," मी म्हटलं. "तुमचंच ऐकतोय, बाबा. बरा झालाय. गोळ्यांनीच झाला असेल. आपण उगाच..."

"ऐकतोय," बाबा माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले. "का ऐकल्यासारखं करतोय?"

ते माझ्याकडे बघत होते. मी हाताकडे बघत होते.

हातानं टेबलावरची बॅटरी दोन बोटांत उचलली. माझ्या सामानाच्या ट्रेमध्ये बारा खण आहेत, प्रत्येक खणात वेगळी वस्तू. बाबांनी तो ट्रे आधी कधी बघितला नव्हता. हात तिसऱ्या रांगेपर्यंत गेला, बॅटऱ्यांच्या खणात ती ठेवली, बाकीच्यांसारखी वळवून सरळ केली आणि परत येऊन टेबलाच्या कडेवर पहिल्यासारखा बसला.

बाबा अजून माझ्याकडेच बघत होते. "काय झालं?" ते म्हणाले.

"काही नाही," मी म्हटलं.

त्या दिवशी मी दोन्ही रिमोट फोडले. सहा रिसीव्हर काढून घेतले आणि नाट्यगृहाला सरळ तारांची यंत्रणा बसवून दिली. जाडजूड तारा, दिसणारी बटणं, प्रकाशयोजनेच्या माणसाच्या हाताखाली. काका नाराज झाले. पण बाबांनीच आता दमलो म्हणून सांगितल्यावर त्यांना काही बोलता आलं नाही. नाटक अजून चालू आहे. तसबीर वेळेवर पडते, लोक टाळ्या वाजवतात. ती खुर्ची मात्र तशी पुन्हा झुलली नाही.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. डॉक्टर खूश आहेत. असा फरक त्यांनी बघितला नव्हता. काय करता, कोणता व्यायाम, असं त्यांनी दोनदा विचारलं. बाबा काही नाही म्हणाले. ते आता डाव्या हातानं जेवतात, डाव्या हातानं दाढी करतात, आणि विचारलं तर सांगतात की उजव्याला विश्रांती देतोय. डाव्यालाही जरा थरथर सुरू झाली आहे. ती त्यांना लपवावीशी वाटत नाही. आई जेवताना हल्ली त्यांच्या डावीकडे बसते.

परवा दुपारी मी घरी गेले. आई शेजारी गेली होती. बाबा खिडकीपाशी आरामखुर्चीत झोपले होते. तोंड किंचित उघडं, श्वास संथ, गाढ झोप. डावा हात खुर्चीबाहेर लोंबत होता आणि झोपेतही बारीक हलत होता. उजवा हात त्यांच्या छातीवर होता. तो त्यांना थोपटत होता. तान्ह्या मुलाला थोपटतात तसा, हलक्या तळव्यानं, एका लयीत.

मी दारात थबकले. पायाखाली काहीतरी करकरलं असावं.

हात थांबला.

मग तो सावकाश वर आला आणि त्यातलं एक बोट बाबांच्या ओठांसमोर, त्यांना न टेकता, उभं राहिलं, मला गप्प राहा म्हणाल्यासारखं. क्षणभर तसंच राहिलं. मी हलत नाही अशी खात्री पटल्यावर हात पुन्हा छातीवर उतरला, आणि थोपटणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.